आडवाटेच्या मोटारीचे धुराडे

डोंगर, वाळू, चिखल आणि नदीनाले यांतून जाण्यासाठी बांधलेली, चारही चाकांना इंजिनाचा जोर पोहोचविणारी मोठी मोटार ज्याने हौसेने विकत घेतली, त्याला ती कारखान्यातून आली तशी ठेववत नाही. प्रथम टायर बदलतात, मग स्प्रिंगा बदलतात, आणि त्यानंतर बहुधा धुराड्याची पाळी येते. धुराडे म्हणजे इंजिनातील जळका वायू बाहेर नेणारी, मोटारीच्या पोटाखालून मागे गेलेली नळी आणि तिच्यावर बसविलेला सायलेन्सर. ते काढून त्याच्या जागी अधिक रुंद नळीचे आणि अधिक भारदस्त आवाजाचे दुसरे बसविले असता इंजिनाचा कोंडमारा थांबतो व त्याचे बळ वाढते, असे दुकानदार सांगतो. घेणाऱ्यालाही ते पटते. कारण मोटार सुरू करताच कानाला तसा पुरावा मिळतो.

कानाचा हा पुरावा कितपत ग्राह्य धरावा, हा प्रश्न मात्र आजचा नाही. मोटार जन्मली तेव्हापासून तो तिच्या पाठीशी लागलेला आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे इंजिन बांधणारे, रस्त्याकडेला राहणारे, रान राखणारे आणि हवेची चिंता वाहणारे अशा चौघांनी या एका नळीवर आपापला हक्क सांगितला. आज कारखान्यातून येणाऱ्या धुराड्याला जे बाक, जे फुगवटे आणि ज्या पेट्या दिसतात, त्यांतील बहुतेक वस्तू म्हणजे अशाच एखाद्या जुन्या तंट्याचा निवाडा होय. नवे धुराडे निवडणाऱ्याने प्रथम हे तंटे समजून घ्यावेत. कोणता निवाडा आपण राखीत आहोत आणि कोणता मोडीत आहोत, हे मग त्याला उमगेल.

जर्मनीत निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखविले आणि १८८६ मध्ये कार्ल बेन्झ याने तशा इंजिनावर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे पेटंट मिळविले. या इंजिनात इंधन पेटून दट्ट्या खाली रेटला जातो आणि तो तळाला टेकण्याच्या किंचित आधीच वायू बाहेर सोडणारी झडप उघडते. त्या क्षणी सिलिंडरातील वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक दाबाखाली असतो. तो एकदम सुटतो आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. असे बार मिनिटाला शेकड्यांनी होतात. म्हणजे आवाज हे इंजिनाचे बळ नव्हे. जे बळ दट्ट्याच्या कामी आले नाही, बाहेर पडून वाया गेले, त्याचीच ती हाक असते.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील कोलंबस गावी मिल्टन रीव्ह्ज आणि मार्शल रीव्ह्ज हे बंधू कप्प्यांचा कारखाना चालवीत. मिल्टनने १८९६ च्या सुमारास मोटार बांधली. तिच्या आवाजावर इलाज म्हणून या बंधूंनी सायलेन्सर तयार केला आणि १८९७ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. कल्पना साधी होती. वायूला थेट हवेत न सोडता आधी एका मोठ्या पेटीत पसरू द्यावयाचे, तेथे त्याचा दाब उतरू द्यावयाचा आणि मग त्याला वाट द्यावयाची. पुढे बंदुकीच्या सायलेन्सरमुळे प्रसिद्ध झालेला हायरम पर्सी मॅक्सिम हाही मूळचा मोटारींचा अभियंता होता. त्याच्या कंपनीने नंतर इंजिनांचेही सायलेन्सर बनविले.

परंतु आरंभीचे सायलेन्सर ओबडधोबड होते. ते आवाज कोंडीत आणि त्याबरोबर वायूही कोंडीत. त्यामुळे चढावर मोटार दमू लागली की चालकाला त्यांचा राग येई. यावर तोड म्हणून सायलेन्सरच्या अलीकडेच नळीला एक झडप ठेवण्याची चाल पडली. तिला कटआउट म्हणत. चढ लागला की चालकाने पायाने ही झडप उघडावी, वायू परस्पर बाहेर जावा आणि मोटारीने गर्जत चढ चढून जावे. गावातून जाताना झडप बंद ठेवावी, असा संकेत होता. तो पाळला जात नसे. अखेर शहराशहरांतून या झडपेला मनाई करणारे नियम झाले आणि कटआउट नाहीसे झाले. मात्र त्याने मागे ठेवलेली समजूत नाहीशी झाली नाही. गर्जना वाढली की बळ वाढते, हे त्या काळच्या कोंदट सायलेन्सरच्या बाबतीत खरे होते. सायलेन्सर सुधारले, आणि समजूत जुनीच राहिली.

या समजुतीची जाहीर परीक्षा इंग्लंडात झाली. सरे परगण्यात वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स येथे १९०७ मध्ये मोटारींच्या शर्यतींसाठी काँक्रीटचा, वळणांवर उंच कललेला रस्ता बांधण्यात आला. तो खुला होताच सेल्विन एज या धाडसी चालकाने तेथे नेपियर मोटार सलग चोवीस तास हाकून १,५०० मैलांहून अधिक अंतर तोडले. आसपासच्या बंगल्यांतील रहिवाशांची ती रात्र कशी गेली असेल, याची कल्पना करता येते. त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि रात्रीच्या धावण्याला कायमची बंदी झाली. चोवीस तासांची शर्यत तेथे भरवावयाची तर ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत तोडावी लागे. १९२९ ते १९३१ या वर्षांत ती तशीच भरली. दरम्यान, १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास, ब्रुकलँड्सवर धावणाऱ्या मोटारींना सायलेन्सर सक्तीचा झाला होता. लांबट डबा आणि त्याच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी पसरट नळी, असे त्याचे रूप होते.

सायलेन्सर आला, आता वेग संपला, असे भाकीत करणाऱ्यांना लवकरच उत्तर मिळाले. विमानाचे बारा सिलिंडरांचे, सुमारे २४ लिटरचे इंजिन बसविलेली नेपियर-रेल्टन ही अजस्र मोटार घेऊन जॉन कॉब याने १९३५ मध्ये ब्रुकलँड्सचा फेरा ताशी १४३.४४ मैल वेगाने पुरा केला. दुसऱ्या महायुद्धामुळे तेथील शर्यती कायमच्या बंद पडल्या आणि हा विक्रम अजिंक्य राहिला. ब्रुकलँड्सवरचा सर्वांत वेगवान फेरा, म्हणजे, सायलेन्सर लावलेल्या मोटारीच्या नावावर आहे. इंजिनाची आणि शेजाऱ्याची तडजोड होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले. अट एवढीच, की सायलेन्सर विचारपूर्वक बांधलेला असावा.

हा विचार कोणता, ते पाहणे अगत्याचे आहे. नळीतून वायू पाण्यासारखा एकसारखा वाहत नाही. तो धक्क्याधक्क्याने जातो. प्रत्येक धक्क्याबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. वायू तापलेला असल्याने तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरांहून अधिक असतो. ही लाट नळीच्या उघड्या तोंडाशी किंवा एखाद्या फुगवट्याशी पोहोचली की उलटून परत येते, आणि परतताना ती दाबाची नव्हे, तर ओढीची लाट झालेली असते. ती झडप मिटण्यापूर्वी सिलिंडराशी पोहोचली, तर उरलासुरला जळका वायू बाहेर ओढते आणि ताज्या मिश्रणाला आत येण्यास मदत करते. वेळ चुकली, तर हा लाभ हुकतो. नळीची लांबी, तिचा व्यास आणि इंजिनाचे फेरे यांचा मेळ बसविणे, हीच धुराडे बांधणाऱ्याची खरी विद्या होय.

सायलेन्सरच्या पोटातही लाटांचेच गणित असते. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात स्वरांचा अभ्यास करताना पोकळ गोळ्यांचा उपयोग केला. प्रत्येक पोकळी आपल्या आकारानुसार ठरावीक स्वरालाच साद देते, हे त्याने दाखविले. त्याच तत्त्वावर सायलेन्सरला बाजूच्या पेट्या जोडतात. त्या एखादा विशिष्ट घुमणारा स्वर नेमका मारून टाकतात. दुसऱ्या जातीचा सायलेन्सर सरळ असतो. आतल्या नळीला बारीक भोके पाडून तिच्याभोवती काचतंतूंचा किंवा तत्सम लोकरीचा थर देतात आणि तो थर आवाज शोषून घेतो. पहिल्या जातीत वायूला वळसे पडतात, पण खालचे घुमणारे स्वर चांगले दबतात. दुसऱ्या जातीत वाट मोकळी राहते, परंतु ते खालचे स्वर बरेचसे निसटतात, आणि तंतू जळू वा झडू लागले की आवाज वर्षागणिक वाढत जातो.

आडवाटेच्या मोटारीला हे गणित शर्यतीच्या मोटारीहून वेगळे लागू पडते. शर्यतीचे इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांवर काम करते. दगडधोंड्यांतून चढणाऱ्या मोटारीचे इंजिन हजार-दीड हजार फेऱ्यांवर रेटत असते, आणि तिला तेथेच जोर हवा असतो. अडीच इंची नळी काढून तीन इंची बसविली, तर नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ शेकडा ४४ ने वाढते आणि तेवढ्याच वायूचा वेग शेकडा ३० ने उतरतो. साध्या पेट्रोल इंजिनात अशा बदलाने वरच्या फेऱ्यांवर थोडे बळ मिळते. मात्र खालच्या फेऱ्यांवर, चिखलात रुतलेल्या मोटारीला जेथे ते हवे असते, तेथे जोर मंदावण्याचा संभव असतो. मोठी नळी म्हणजे मोठे बळ, हा हिशेब येथे चुकतो.

या मोटारींचा इतिहासही धुराड्याच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विलीज आणि फोर्ड यांच्या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या काढल्या. सुमारे ६० अश्वशक्तीची ही छोटी गाडी उतरणीवरून नाल्यात आणि जहाजातून समुद्रकाठच्या पाण्यात उतरे. त्यासाठी तिला खास सामान देत. हवा घेण्याची नळी आणि धुराडे ही दोन्ही उभी करून चालकाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत नेत आणि विजेचे भाग जलरोधक लेपाने झाकीत. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या गाड्यांची अशीच तयारी केलेली होती. युद्धानंतर इंग्लंडात १९४८ मध्ये लँड रोव्हर आली. जपानात टोयोटाने १९५१ मध्ये जीपच्या धर्तीची गाडी बांधून ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढविली. १९५४ मध्ये तिला लँड क्रूझर हे नाव मिळाले. मुंबईत महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांतच विलीजच्या जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. पुढे सह्याद्रीच्या घाटांपासून सरकारी दौऱ्यांपर्यंत ही जीप सर्वत्र दिसू लागली.

या गाड्यांनी धुराड्याला नवे धडे दिले. नळी पोटाखाली लोंबत असेल, तर पहिल्याच खडकावर ती चेपते. म्हणून ती चौकटीच्या पोलादी तुळयांच्या वरच्या अंगाने नेली पाहिजे. तिचे मागचे टोक फार लांब राहिले, तर खड्ड्यातून वर येताना ते जमिनीत रुतते आणि मातीने बुजते. गाडीची चौकट पिळवटते तेव्हा नळीलाही थोडे हलता आले पाहिजे. म्हणून ती रबरी कड्यांवर टांगतात आणि इंजिनाजवळ लवचीक सांधा देतात. हे साधे नियम विसरून केवळ आवाजासाठी बसविलेले धुराडे पहिल्या मोठ्या प्रवासातच खुळखुळू लागते.

याहून गंभीर धडा वणव्यांनी दिला. इंजिनातून कधी कधी काजळीचे तापलेले कण बाहेर पडतात आणि वाळलेल्या गवताला एक कणही पुरतो. अमेरिकेच्या वनखात्याने म्हणूनच जंगलात येणाऱ्या इंजिनांवर ठिणग्या अडविणारी जाळी किंवा भोवरी आवश्यक मानली आणि अशी साधने तपासून मान्य करण्याची व्यवस्था ठेवली. पुढे धुराड्यात आणखी तापणाऱ्या पेट्या आल्या, तेव्हा ठिणगीवाचूनही, केवळ तापलेल्या धातूला गवत टेकल्याने पेट घेण्याचा धोका वाढला. कारखान्याने त्या पेट्यांखाली बसविलेला पत्रा म्हणूनच महत्त्वाचा असतो. नवे धुराडे बसविताना कारागीर तो अडगळ म्हणून काढून टाकतो. फाल्गुन-चैत्रात डोंगरउतारावरचे गवत कसे असते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने हा पत्रा जागेवर आहे की नाही, हे स्वतः वाकून पाहावे.

रुंद नळीच्या बाजूने मात्र एक खरा आणि सबळ मुद्दा आहे, तो टर्बोचा. स्वित्झर्लंडचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याच्या ध्यानी आले, की इंधनातील शक्तीचा बराच मोठा भाग धुराड्यातून वाया जातो. त्या वायूच्या झोतावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरात भरावी, या कल्पनेचे पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतले. प्रत्यक्षात ती यशस्वी होण्यास वीस वर्षे लागली. जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर प्रथम तिचा उपयोग झाला, १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने ती मालमोटारीवर आणली, आणि १९८५ मध्ये टोयोटाच्या लँड क्रूझरला चार लिटरचे टर्बो-डिझेल इंजिन मिळाले.

टर्बोच्या इंजिनात लाटांचे नाजूक गणित बहुतांशी टर्बोच्या चक्रापाशीच संपते. चक्राच्या पलीकडे दाब जितका कमी, तितके ते चक्र मोकळे फिरते आणि खालच्या फेऱ्यांवरही लवकर हवा भरू लागते. म्हणून टर्बो-डिझेल गाडीला तीन इंची, सरळ आणि गुळगुळीत बाकांची नळी खरोखरीच मानवते. ऑस्ट्रेलियात २००७ पासून लँड क्रूझरच्या सत्तर मालिकेत साडेचार लिटरचे आठ सिलिंडरांचे टर्बो-डिझेल इंजिन येऊ लागले. वाळवंटातून पाण्याची टाकी, तंबू आणि मागे जोडगाडी ओढून नेणाऱ्या त्या लोकांत तीन इंची धुराड्याचा मोठाच व्यवसाय उभा राहिला. हा व्यवसाय पोकळ नव्हता. तथापि त्यातही एक गोष्ट झाकली जाते. नळीने केवळ अडथळा दूर होतो. इंधन किती द्यावयाचे, ते इंजिनाचा संगणक ठरवितो. त्यामुळे कानाला जाणवणारा फरक बराचसा नळीचा असला, तरी चाकाला जाणवणारा फरक पुष्कळदा त्या संगणकाच्या मांडणीत केलेल्या फेरफाराचा असतो.

आता उरला चौथा हक्कदार, हवा. लॉस एंजलीसवर तपकिरी धुके पसरून डोळे झोंबू लागले, तेव्हा आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनज्ञाने १९५० च्या सुमारास त्याचे कारण शोधले. तोवर तो अननसाच्या स्वादातील द्रव्यांचा अभ्यास करीत होता. मोटारींतून व तेलाच्या कारखान्यांतून निघणारी न जळलेली इंधनवाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की हे झोंबणारे धुके तयार होते, हे त्याने दाखविले. फ्रान्समधून अमेरिकेत गेलेल्या यूजीन हूड्री याने त्याच दशकात धुराड्यात बसविता येईल अशी उत्प्रेरकाची पेटी तयार केली. परंतु पेट्रोलमध्ये १९२० नंतरच्या दशकापासून शिसे मिसळले जात होते आणि शिशाने उत्प्रेरक निकामी होत असे. म्हणून पेटी तशीच पडून राहिली. १९७० मध्ये अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कठोर कायदा झाला. शिसे नसलेले पेट्रोल बाजारात आले आणि १९७५ पासूनच्या मोटारींना ही पेटी सर्रास बसू लागली. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या चिनीमातीच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा सूक्ष्म लेप, असे तिचे अंतरंग असते.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ही पेटी आवश्यक झाली. २००० मध्ये साऱ्या देशातून शिशाचे पेट्रोल गेले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. त्यांच्यामुळे डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळीची गाळणी आली. गाळणीत साठलेली काजळी वेळोवेळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेने जाळून टाकावी लागते. ऑस्ट्रेलियात सत्तर मालिकेच्या काही गाड्यांना २०१६ पासून अशी गाळणी बसू लागली होती.

येथेच आजच्या निवडीतील खरा प्रश्न उभा राहतो. उत्प्रेरकाची पेटी आणि गाळणी ही दोन्ही वायूच्या वाटेत काही अडथळा करतातच. ती कापून टाकून सरळ नळी बसवून देणारे कारागीर देशोदेशी आहेत. हे काम किती पसरले आहे, याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून येतो. आधीच्या सुमारे दहा वर्षांत तेथील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची ही साधने काढून टाकण्यात आली होती, असा तिचा अंदाज होता. गाडीचा मालक हे करतो तेव्हा त्याला थोडे बळ मिळते. त्या बळाची किंमत मात्र त्याच्यामागून येणारा सायकलस्वार आणि रस्त्याकडेच्या घरातील मूल आपल्या छातीने भरतात. ब्रुकलँड्सच्या शेजाऱ्यांना निदान कोण छळीत आहे ते ऐकू येत होते. काजळीचे सूक्ष्म कण ऐकूही येत नाहीत आणि दिसतही नाहीत.

कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक मोटारीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर आवश्यक मानतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. आवाज व हवा यांच्या मानकांचा भंग झाल्यास १९० व्या कलमाखाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलिसांनी त्यांच्यावरून रोडरोलर फिरविल्याचे दृश्य अनेक शहरांनी पाहिले आहे. त्यांत मोटारसायकलींचे सायलेन्सर अधिक असतात हे खरे; नियम मात्र दोन्हींना एकच आहे.

मग धुराडे बदलूच नये काय? तसे नाही. जुने गंजून गेलेले असते, खडकावर चेपलेले असते, किंवा जड ओझे ओढणाऱ्या टर्बो-डिझेलला खरोखरीच अपुरे पडत असते. अशा वेळी बदल रास्तच आहे. निवडणाऱ्याने प्रथम आपले इंजिन ओळखावे: टर्बो असल्यास रुंद नळीत अर्थ आहे, साध्या पेट्रोल इंजिनास मूळ व्यासाच्या आसपासच राहणे शहाणपणाचे. दुसरे असे, की बदल उत्प्रेरक आणि गाळणी यांच्या मागच्या भागापुरताच ठेवावा. पुढचा भाग हा इंजिनाचा आणि समाजाचा सामाईक ठेवा आहे. तिसरे, बाक पाहावेत. नळी वाकविताना आत आधार दिला नसेल, तर ती वळणावर चपटी होते आणि तीन इंची म्हणून घेतलेली नळी तेथे अडीच इंचीदेखील राहत नाही.

चौथी गोष्ट धातूची. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत ते सायलेन्सरमध्येच गार होऊन साचते. म्हणून धुराडे बाहेरून जितके गंजते, तितकेच आतूनही गंजते. त्यात कोकण-गोव्यातील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांची भर पडली, की साधे पोलाद फार वर्षे टिकत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद सिद्ध केले. आज त्याच्या दोन जाती धुराड्यासाठी विकल्या जातात. ४०९ क्रमांकाची जात स्वस्त असून तिच्यावर वरवरचा तांबूस गंज चढतो; ३०४ क्रमांकाच्या जातीत शेकडा १८ च्या आसपास क्रोमियम आणि ८ च्या आसपास निकेल असते आणि ती महाग, पण टिकाऊ. लोहचुंबक ४०९ ला चिकटतो, ३०४ ला सहसा चिकटत नाही. दुकानातच करता येण्याजोगी ही परीक्षा आहे.

शेवटची परीक्षा मात्र दुकानात करता येत नाही. उभ्या गाडीत इंजिन फुरफुरवून ऐकलेला आवाज फसवा असतो. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर सेकंदाला शंभर बार काढते, आणि हाच खालचा स्वर बंद गाडीत तासन्‌तास घुमत राहिला, तर प्रवासी हैराण होतात. म्हणून तसेच धुराडे बसविलेल्या दुसऱ्या गाडीत बसून, हमरस्त्यावर एका वेगाने अर्धा तास जाऊन पाहावे. दुकानात जो आवाज रुबाबदार वाटला होता, तो पुष्कळदा येथे नकोसा होतो.

आडवाटेची मोटार आपल्या आयुष्यातील फार थोडा काळ आडवाटेवर असते. उरलेला सारा काळ ती गावातून, शाळेपुढून, रुग्णालयाच्या कोपऱ्यावरून आणि झोपलेल्या आळीतून जाते. रीव्ह्ज बंधूंच्या पेटीपासून काजळीच्या गाळणीपर्यंत धुराड्याने जे काही मिळविले, ते या दोन्ही वाटांवर मोटारीला चालता यावे म्हणूनच मिळविले. घेणाऱ्याने चढावर लागणारे बळ अवश्य मागावे. ते शांततेसह मिळू शकते, याचा दाखला ब्रुकलँड्सच्या १९३५ च्या त्या फेऱ्याने देऊन ठेवला आहे.